अँजिओप्लास्टीनंतर पाठीवर उठलेला चौकोनी चट्टा

तुम्ही लिहिलेलं आधी एका जागी आणते. वडील ६३ वर्षांचे, वजन ९६ किलो, मधुमेह जुना. हृदयाची उजवी धमनी पूर्ण बंद होती, तीही बऱ्याच महिन्यांपासून. पहिल्या प्रयत्नात तार ब्लॉकेजच्या पलीकडे गेली नाही. महिन्याभराने पुन्हा नेलं, जवळजवळ तीन तास लागले, पण दोन स्टेंट (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळ्या) बसले. तीन आठवड्यांनी उजव्या खवाट्याखाली तळहाताएवढा चौकोनी लाल चट्टा आला. केमिस्टकडच्या मलमाने फरक पडला नाही. एका डॉक्टरांनी नायटा सांगितला, दुसऱ्यांनी नागीण. आता चट्ट्याला सहावा आठवडा चालू आहे, तो तपकिरी झालाय, मधली कातडी सोलून ओल सुटतेय आणि बायोप्सी, म्हणजे कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणी, सुचवली आहे. घरातल्या कुणाचं तरी म्हणणं आहे की ही रक्त पातळ करायच्या गोळीची अ‍ॅलर्जी असणार, ती बंद करून बघा. म्हणजे तुमचे प्रश्न दोन: बायोप्सी करावी का, आणि गोळी बंद करावी का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात घोळ झाला तर जिवावर बेतेल. गोळी बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. नवीन स्टेंटच्या आत रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीची ती दुसरी गोळी त्यासाठीच दिलेली असते. त्या दुसऱ्या गोळीने, म्हणजे बहुधा क्लोपिडोग्रेलने, अंगावर पुरळ येतं हे खरं आहे, आम्ही त्वचेचे डॉक्टर ते बघतो. पण ते सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतं, पोट, छाती, पाठ, हात असं दोन्ही बाजूंना पसरतं आणि खूप खाजतं. एकाच जागी, सरळ कडांचा, सहा आठवडे ठाण मांडून बसलेला चट्टा हे त्या अ‍ॅलर्जीचं रूप नाही. आणि समजा खरंच अ‍ॅलर्जी असती, तरी बहुतेकांना गोळी चालू ठेवून खाजेची औषधं देऊन निभावता येतं. नाहीच जमलं तर गोळी बदलायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतात, त्वचेचे नाही, आणि घरातले तर नाहीच.

आता चट्ट्याकडे वळते. मी फोटो पाहिलेला नाही, प्रत्यक्ष हात लावलेला नाही, त्यामुळे निदान केलं असं समजू नका. पण तुमच्या वर्णनात चार गोष्टी अशा आहेत की माझ्या ओपीडीत हा माणूस आला असता तर मी पहिला प्रश्न नायट्याचा विचारला नसता. लांबलेली, दोनदा झालेली अँजिओप्लास्टी. वजनदार शरीर. पाठीवरची, खवाट्याखालची जागा. आणि तीन आठवड्यांनी झालेली सुरुवात. या चार गोष्टी एकत्र आल्या की क्ष-किरणांनी कातडीला झालेली इजा हे पहिलं अनुमान असायला हवं, बाकी सगळं त्यानंतर.

हे ऐकून लोक चकित होतात, कारण अँजिओप्लास्टी म्हणजे मनगटातून किंवा जांघेतून घातलेली तार एवढंच डोक्यात असतं. पण ती तार हृदयापर्यंत कशी जाते ते डॉक्टर पडद्यावर बघत असतात, आणि ते चित्र सतत चालणाऱ्या एक्स-रेने मिळतं. एक्स-रेची ट्यूब टेबलाच्या खाली असते. किरण पाठीतून शिरतात, छातीतून बाहेर पडतात आणि वरच्या डिटेक्टरवर चित्र उमटतं. शरीरात शिरताना किरण सर्वांत तीव्र असतात, म्हणून मार बसतो तो पाठीच्या कातडीला. छातीवर काहीच दिसत नाही. रुग्णाला स्वतःची पाठ दिसत नाही, हृदयाचे डॉक्टर तपासणीच्या वेळी छातीवर स्टेथोस्कोप ठेवतात, मनगट बघतात आणि सोडतात.

जागेचंही गणित आहे. उजव्या धमनीचं काम करताना यंत्र बराच वेळ डाव्या बाजूला तिरपं ठेवतात, म्हणजे डिटेक्टर रुग्णाच्या छातीच्या डाव्या अंगाला जातो आणि खालची ट्यूब उजव्या पाठीमागे येते. तासन्‌तास तोच कोन राहिला की किरणांचा झोत उजव्या खवाट्याखालच्या एकाच तुकड्यावर पडत राहतो. झोताला बाजूंनी पडदे लावून चौकोनी आकार दिलेला असतो, म्हणून चट्टाही चौकोनी किंवा आयताकृती उमटतो, तापलेली इस्त्री टेकवावी तसा. कोन थोडा बदलत राहिला असेल तर दोन चौकोन एकमेकांवर चढलेले दिसतात, आणि जिथे ते चढतात तो भाग सर्वांत गडद असतो.

वजनाचा संबंध इथे येतो. शरीर जाड असेल तर पलीकडे चित्र नीट उमटावं म्हणून यंत्र आपोआप किरण वाढवतं. ढोबळ मानाने दर चार-पाच सेंटिमीटर जाडी वाढली की डोस दुप्पट. तिरप्या कोनात किरणांना शरीरातून आणखी लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणजे पुन्हा वाढ. शिवाय जाड माणसाची पाठ ट्यूबच्या जास्त जवळ असते. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या आधीच कमकुवत, त्यामुळे कातडी भरून यायला वेळ लागतो.

मग तीन आठवडे काही दिसलं का नाही? कातडीचा वरचा थर सतत झडत असतो आणि खालच्या थरातल्या पेशी विभागून त्याची जागा घेतात. क्ष-किरण मारतात ते या खालच्या, विभागणाऱ्या पेशींना. वरचा थर आहे तोवर सगळं ठीक दिसतं. तो झडायला लागला आणि खालून भरती येईना, की मग लाली, सोलणं, ओल. नंतरचा टप्पा वेगळ्या कारणाने येतो: कातडीतल्या बारीक धमन्यांचं अस्तर सुजतं, त्या आतून अरुंद होतात, रक्त कमी पडतं, आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, व्रण म्हणजे न भरणारी उघडी जखम होते. म्हणून चौथ्या आठवड्यात बरा होतोय असं वाटणारा चट्टा दहाव्या आठवड्यात चिघळू शकतो. हे आत्ताच सांगून ठेवते.

डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात. साध्या छातीच्या एक्स-रेत कातडीला एका ग्रेच्या हजाराव्या भागाहूनही कमी मिळतो. अँजिओप्लास्टीत कातडीला २ ग्रेच्या पुढे मिळाले तर काही तासांत फिकी लाली येऊन एक-दोन दिवसांत जाते, सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. ३ च्या पुढे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्या जागचे केस तात्पुरते गळतात, ७ च्या पुढे कायमचे. ६ च्या आसपास दहा दिवसांनंतर ठसठशीत लाली. १० च्या वर कातडी पुढे पातळ पडते, त्यात लाल बारीक शिरांचं जाळं दिसायला लागतं. १५ च्या आसपास चौथ्या आठवड्यानंतर ओली सोल आणि त्यामागून व्रण. त्याहून वर गेलं तर कातडी काळी पडून मरते. हे आकडे म्हणजे कुंपण नव्हे. मधुमेह, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखे आजार, काही केमोथेरपीची औषधं, किंवा त्याच जागी आधी मिळालेला डोस असेल तर इजा कमी आकड्यालाही होते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत महिन्यापूर्वीचा पहिला प्रयत्न मोजलाच पाहिजे. कातडीने मधल्या काळात थोडी डागडुजी केली असेल, पण खातं कोरं झालेलं नसतं.

तेव्हा पहिलं काम: हॉस्पिटलकडून दोन्ही वेळचा रेडिएशन डोस मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर तो बहुतेक वेळा नसतो, किंवा फक्त ‘फ्लोरो टाइम’ म्हणून, सतत एक्स-रे किती वेळ चालू होता त्याची मिनिटं लिहिलेली असतात. मिनिटांवरून फारसं कळत नाही, कारण बारीक माणसाची साठ मिनिटं आणि ९६ किलोच्या माणसाची साठ मिनिटं यांत कातडीच्या दृष्टीने फार अंतर आहे, आणि फिल्म रेकॉर्ड करतानाचा डोस त्या मिनिटांत धरलेलाच नसतो. हवा असतो तो ‘एअर कर्मा’चा (Air Kerma) आकडा, म्हणजे यंत्रातून आलेल्या एकूण किरणांचं ग्रेमधलं माप. अमेरिकेत जून २००६ नंतर बनलेल्या अशा यंत्रांवर तो दाखवणं सक्तीचं आहे, आणि आपल्याकडच्या आधुनिक कॅथ लॅबमध्येही (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) तो यंत्रावर दिसतो आणि अहवालात साठतो. बहुतेकदा तो मिलिग्रेमध्ये असतो, ५००० मिलिग्रे म्हणजे ५ ग्रे. तो मोजला जातो एका ठरावीक बिंदूवर, नेमका कातडीवर नाही, त्यामुळे खरा डोस थोडा कमी-जास्त असतो. तरी ५ ग्रे ओलांडले तर रुग्णाला कल्पना देऊन पाठीवर लक्ष ठेवावं असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

कॅथ लॅबच्या टेक्निशियनला भेटून ‘त्वचेच्या डॉक्टरांना फॉलो-अपसाठी डोस रिपोर्ट हवा आहे’ एवढंच म्हणा. भांडायच्या सुरात गेलात तर फाइल मेडिकल सुपरिंटेंडेंटकडे जाते आणि पंधरा दिवस तिथेच राहते. शिवाय अँजिओप्लास्टीची सीडी तुमच्याकडे असेल. ती लावून बघा. साधारणपणे प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात यंत्राचा कोन लिहिलेला असतो. जास्त फिल्म एकाच कोनात घेतलेल्या दिसल्या आणि तो कोन उजव्या पाठीशी जुळला, तर अर्धं निदान तिथेच झालं.

पाठीवर काय बघायचं तेही सांगते, कारण हे घरी उजेडात करता येतं. कडा बघा. नायट्याची कड गोलाकार, किंचित उचललेली, खवलेदार आणि बाहेर सरकत जाणारी असते, आत कातडी निवळत जाते. नागीण पाठीच्या एका बाजूला पट्ट्यासारखी पुढे वळते, पाण्याच्या फोडांचे घोस असतात, आधी दोन-तीन दिवस आग किंवा ठणका असतो, आणि सहा आठवड्यांत तिच्या खपल्या पडून गेलेल्या असतात. क्ष-किरणांच्या चट्ट्याची कड सरळ असते आणि आठवडाभराने मोजली तरी जागची हलत नाही. त्या चौकोनातले केस गेलेले आणि बाहेरचे शाबूत, असं दिसलं तर ती मोठी खूण. मी ओपीडीत पट्टी ठेवून लांबी-रुंदी लिहिते, बॉलपेनने कडेवर चार खुणा करते आणि फोटो काढून ठेवते. तुम्हीही करा, दर आठवड्याला, शक्यतो त्याच खिडकीपाशी, शेजारी मोजपट्टी धरून.

शेजव्रण (बेडसोर) म्हणूनही हा चट्टा खपून जातो, विशेषतः रुग्ण काही दिवस आयसीयूत असेल तर. पण शेजव्रण हाडाच्या उंचवट्यावर आणि झोपून असतानाच होतो, हिंडत्या-फिरत्या माणसाला तीन आठवड्यांनी नाही. ईसीजीच्या चिकटपट्ट्यांची किंवा जंतुनाशकाची अ‍ॅलर्जी त्या-त्या जागी, दोन-चार दिवसांत येते.

आता बायोप्सी. माझं मत: डोसचा आकडा हातात येईपर्यंत थांबा, आणि आकडा मोठा निघाला तर करूच नका. ज्या कातडीची भरून येण्याची ताकद संपली आहे तिच्यात मुद्दाम जखम केली तर ती मिटता मिटत नाही. निव्वळ निदानासाठी घेतलेल्या चार मिलिमीटरच्या तुकड्याच्या जागी महिनोन्‌महिने व्रण राहिलेले मी पाहिले आहेत. बायोप्सी सुचवणाऱ्या डॉक्टरांचा दोष म्हणून हे सांगत नाही. त्यांना दोन वेळच्या अँजिओप्लास्टीची माहिती नीट मिळाली होती का, हे तुम्हीच आठवून बघा. ‘हार्टचं ऑपरेशन झालंय’ एवढंच सांगितलं तर त्वचेच्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे छातीवरचा टाका येतो, पाठ नाही. तुम्ही सांगितल्यावरही त्यांना शंका राहिली, तर सर्वांत छोटा तुकडा, मधून नाही तर कडेवरून, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू ठेवूनच. तेवढं रक्त दाबून धरलं की थांबतं. बायोप्सीची खरी गरज पुढे कधीतरी पडते: काही वर्षांनी त्या चट्ट्यात गाठ आली, कड कडक झाली किंवा बरा झालेला व्रण पुन्हा फुटला, तर कातडीचा कर्करोग नाही ना हे बघायला. तो धोका कमी आहे, पण शून्य नाही, म्हणून वर्षातून एकदा पाठ दाखवायची.

उपचारांचं बरंचसं चट्ट्याच्या टप्प्यावर ठरतं. केमिस्टचं मलम आजच बंद करा. त्या मिश्र मलमांत बहुधा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं सगळं कालवलेलं असतं, आणि ते स्टेरॉइड आधीच पातळ पडलेल्या कातडीला आणखी पातळ करतं. नुसती लाली-खाज असती तर मी सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस आणि साधं वासरहित मॉइश्चरायझर यावर थांबले असते. तुमच्याकडे ओल सुटली आहे, म्हणजे आता ती जखम आहे, भाजल्यासारखीच सांभाळायची. सलाइनने हलकं धुवायचं, न चिकटणारी ड्रेसिंग ठेवायची, आणि ती चिकटपट्टीने पाठीला डकवायची नाही, कारण पट्टी काढताना शेजारची कातडीही सोलून येते. वरून मऊ पट्टी छातीभोवती सैल गुंडाळा किंवा अंगाबरोबर बसणारा सुती बनियन उलटा घाला, म्हणजे शिवण बाहेर राहील. हळद, कोरफड, खोबरेल, राख, यातलं काहीही नको. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. मधुमेहात पाठीची जाणीव कमी असेल तर भाजलेलंही कळणार नाही. झोपताना डाव्या कुशीवर. साखर ताब्यात ठेवा, हे कितीही ऐकलेलं असलं तरी इथे त्याचा फरक दिसतो. पू, वास, ताप किंवा भोवती पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

व्रण खोल गेला आणि तीन-चार महिन्यांत भरला नाही, तर प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवा. खराब भाग पूर्ण काढून तिथे रक्तपुरवठ्यासकट दुसरीकडची कातडी फिरवून बसवतात. त्यावेळी गोळ्यांचं काय करायचं हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं, तुमच्यामार्फत निरोप पाठवून नाही. अशी पाळी येणारे रुग्ण थोडे असतात. बहुतेकांचं प्रकरण डाग, कोरडेपणा आणि थोड्या खाजेवर मिटतं.

पाठीशिवाय इतर ठिकाणांबद्दल दोन शब्द, कारण अँजिओप्लास्टी झालेल्या इतर घरांतूनही हे वाचलं जाईल. मनगट किंवा जांघ काळीनिळी होणं, जांघेतला डाग हळूहळू मांडीवर उतरणं, हिरवा-पिवळा होऊन जाणं हे नेहमीचं आहे. तिथे धडधडणारी गाठ लागली, दुखणं वाढत गेलं किंवा हात-पाय गार पडला तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा. आणि पायाची बोटं निळी-जांभळी होऊन दुखायला लागली, पायावर जाळीदार रेषा उमटल्या, तर पावलाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नका. महाधमनीतल्या कोलेस्टेरॉलचे कण सुटून बारीक वाहिन्यांत अडकले की असं होतं, आणि तेच कण मूत्रपिंडातही जातात, म्हणून त्याच दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघायला हवं.

‘ही डॉक्टरांची चूक आहे का?’ असं तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण प्रश्नाच्या खाली ते आहे. पूर्ण बंद धमनी उघडणं हे अँजिओप्लास्टीतलं सर्वांत वेळखाऊ काम. तीन तास लागले म्हणजे हलगर्जी झाली असं होत नाही, आणि कधी कधी हृदय वाचवताना पाठीची किंमत जाणूनबुजून मोजावी लागते. अमेरिकेच्या एफडीए या औषध व वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने अशा त्वचेच्या इजांबद्दल १९९४ मध्येच डॉक्टरांना सावध केलं होतं, म्हणजे धोका नवा नाही. माझी तक्रार इतकीच आहे की डोस जास्त झाल्याचं कळल्यावर घरी जाताना ‘दोन ते चार आठवड्यांनी पाठ कुणालातरी बघायला सांगा’ हे एक वाक्य अजून कित्येक ठिकाणी सांगितलं जात नाही. ते सांगितलं असतं तर नायटा आणि नागीण ही दोन्ही वळणं टळली असती.

शेवटी तुम्ही लिहिलंय की डाव्या धमनीतल्या ब्लॉकेजसाठी काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. गरज असेल तर ती टाळू नका. तातडीची नसेल तर चट्टा पूर्ण शांत होईपर्यंत पुढे ढकलता येईल का, हे विचारा. जाताना दोन्ही वेळचे डोसचे आकडे, तारखा आणि पाठीचा मोजपट्टीसकट फोटो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या, रिसेप्शनवर नाही. त्यांना कोन बदलून तो चौकोन झोताबाहेर ठेवता येतो, फ्रेम रेट (दर सेकंदाला घेतलेल्या चित्रांची संख्या) कमी करता येतो, झोत लहान करता येतो, टेबल वर घेऊन पाठ ट्यूबपासून दूर आणि डिटेक्टर छातीजवळ आणता येतो. डाव्या धमनीसाठी बरेचसे कोन तसेही वेगळे लागतात, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे.